भिंतीबाहेरची जागा

गौरी येलहंक्याला आली आणि फाटकाची कडी हातात धरूनच रडायला लागली, तेव्हा प्रतिमाने ओळखलं की रत्नाकरचं आता काही खरं नाही. रत्नाकर तिचा पाठचा भाऊ, गौरी त्याची बायको. धाकटा भाऊ पुष्कर याला माती दिली त्या दिवसापासून प्रतिमाने रत्नाकरच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या घरातलं कोणी तिच्या दारात आलं तर ती पाणी द्यायची, पण बस म्हणायची नाही. आजही तिने पाणी दिलं आणि गौरी ते उभ्यानेच प्यायली.

“अक्का, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. पोटातली गाठ पसरलीय म्हणाले. आता काही करण्यासारखं नाही.”

“बरं,” प्रतिमा म्हणाली.

“तुमची आठवण काढतात. रोज म्हणतात, अक्काला बोलाव, अक्काला बोलाव. स्वल्प येऊन जा ना. आणि अक्का...” गौरी पदराशी चाळा करत अडखळली. “आईंच्या कबरीचं. तुम्ही हो म्हणाल ना?”

आला एकदाचा प्रश्न! शाळेतली नोकरी संपली, गुडघे दुखायला लागले, एक डोळा अधू झाला, तरी प्रतिमा हा प्रश्न ऐकण्यासाठी जीव धरून होती असं म्हटलं तरी चालेल. तिचं उत्तर केव्हाचं तयार होतं. अंघोळ करताना, तांदूळ निवडताना, उपासनेत डोळे मिटून बसल्यावरसुद्धा तिने ते उत्तर मनात देऊन बघितलं होतं. ते एवढंसं होतं, ‘नाही’ एवढंच. पण ते रत्नाकरच्या तोंडावर द्यायचं होतं, म्हणून तिने गौरीला नुसतं “येते रविवारी” असं सांगून वाटेला लावलं.

आता हा कबरीचा प्रकार काय, ते सांगायला हवं. वाघचौरे कुटुंब मूळचं नगरकडचं, मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेलं. प्रतिमाचे वडील सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी बंगलोरला आले आणि इथलेच झाले. असे आणखीही बरेच आले आणि त्यांची मिळून एक मराठी मंडळी उभी राहिली. स्वतःचं देऊळ, म्हणजे चर्च, नाही. तमिळ लोकांची उपासना आटोपली की त्यांच्याच बाकांवर दुपारी मराठी गीतं म्हणायची. मात्र येलहंक्याच्या बाहेर कबरस्तानाचा एक तुकडा मंडळीच्या मालकीचा होता, चारी बाजूंनी भिंत घातलेला. तो केव्हाच भरला होता. त्यामुळे रिवाज असा पडला की घरात कोणी गेलं तर घरातलीच जुनी कबर उघडायची. आत उरलेली हाडं रक्ताच्या माणसाने पांढऱ्या कापडात बांधून घ्यायची. खड्डा साफ झाला की ते गाठोडं तळाशी ठेवायचं, त्यावर हातभर माती लोटायची, आणि मग वर नवी पेटी उतरवायची. आई खाली, लेक वर. म्हणजे मेल्यावरही कुशीतच. पण कबर उघडायला त्या माणसाच्या सगळ्या हयात मुलांचा होकार लागे. पंचांनी केलेला नियम होता तो, आणि पंचांमध्ये त्या वेळी सगळ्यांत वरचा आवाज होता रत्नाकर वाघचौऱ्यांचा.

आईची कबर पहिल्यांदा उघडायची वेळ आली ती पुष्करसाठी, आणि त्या वेळी रत्नाकर नाही म्हणाला होता.

पुष्कर शेंडेफळ. आईच्या उतारवयात झालेला म्हणून पुरता लाडावलेला. घड्याळांच्या कारखान्यात चिकटला होता, पण त्याचा खरा जीव तबल्यात. भजनाला तो बसला की मंडळीतल्या म्हाताऱ्या कोताऱ्याही मांडीवर ताल धरायच्या. आई गेली आणि हा पोरगा मोडला. प्यायला लागला. कोणाला शिव्या दिल्या नाहीत, कोणावर हात टाकला नाही, नुसता पिऊन गप्प बसायचा. प्रतिमा त्याला जेवायला घालायची आणि रडायची. रत्नाकरने मात्र ते प्रकरण पंचांपुढे नेलं. सख्ख्या भावाचं! “माझ्या घरातलं पाप मी झाकलं तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने बोलू?” असं म्हणाला आणि लोकांनी माना डोलावल्या. काय न्यायी माणूस, म्हणाले.

मग एका रविवारी पुष्करला मंडळीपुढे उभं केलं. पाप कबूल कर म्हणाले, त्याने केलं. त्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्या बाकावरून कोणीतरी “मोठ्याने!” असं ओरडलं. वर्षभर प्रभुभोजन बंद, तबला बंद. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा प्याला हातोहात फिरायचा आणि पुष्करच्या पुढ्यात आला की शेजारचा माणूस त्याच्या अंगावरून हात नेऊन पलीकडे द्यायचा. तो ते बघत बसायचा. प्रतिमाने पुढे कितीतरी रात्री तो हात आठवून दातओठ खाल्ले.

वर्ष काही पुरं झालं नाही. एक दिवस पुष्कर तळ्यात सापडला.

काठावर शेवाळ होतं. तेव्हाचे पाळक, म्हणजे पाद्री, म्हातारे आणि मायाळू होते, म्हणाले, “पाय घसरला असेल बिचाऱ्याचा.” ते नुसतं म्हणाले नाहीत, सगळ्यांकडे आळीपाळीने बघून म्हणाले. जमलेल्यांना इशारा कळला. सगळे हो हो म्हणाले, पाय घसरला असेल, तिथं फार घसरतं. आणि रत्नाकर उभा राहिला.

“नाही,” तो म्हणाला. “आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला होता. जीव देतो म्हणाला. मी खोटं बोलणार नाही.”

झालं! मग त्याने मंडळीला इतिहास ऐकवला. रविवारच्या वर्गात तो ख्रिस्ती मंडळीचा इतिहास शिकवायचा, त्याला सगळं तोंडपाठ. स्वतःचा जीव घेणाऱ्याला शेकडो वर्षं चर्चने आपल्या जमिनीत घेतलं नाही, रस्त्याच्या चौकात पुरलं, प्रार्थनेशिवाय पुरलं, वगैरे वगैरे. पाळकांनी हात जोडले, प्रतिमाने पाय धरले. होय, धाकट्या भावाचे पाय धरले तिने, सगळ्यांसमक्ष. तो पाय मागे घेत म्हणाला, “अक्का, नियम नियम आहे.”

पुष्करला भिंतीबाहेर पुरलं. तिथं बेवारशी माणसं पुरतात. निलगिरीची झाडं आहेत, शेळ्या चरतात. गीत नाही, शास्त्रातलं वचन नाही, पेटीवर फूल नाही. मातीची मूठ टाकायला प्रतिमा होती आणि खड्डा खणणारा मुनियप्पा. नंतर तिने पुष्करशेजारची जागा दगड लावून धरून ठेवली, स्वतःसाठी. दर महिन्याला ती तिथं जायची, तण उपटायची आणि पुष्करला सांगायची, “थांब. त्याचीही वेळ येईल.”

तर आता ती वेळ आली होती.

रविवारी ती दोन बस बदलून इंदिरानगरला गेली. जाताना केस नीट विंचरले, इस्त्रीची साडी नेसली. लग्नाला निघाल्यासारखी निघाली म्हणा ना. शंभर फुटी रस्त्यावर नवीनच दुकानं झाली होती, काचेची, झगमगीत. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. रत्नाकरचा चेहरा कसा होईल एवढंच तिच्या डोळ्यांपुढे होतं.

चेहरा काही उरलाच नव्हता. खाटेवर हाडांचा सापळा आणि त्यावर पिवळी कातडी. भरल्या उपासनेत ज्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा त्याला आता “अक्का” म्हणायला दोनदा श्वास घ्यावा लागला. प्रतिमाला किंचित वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

“गौरी, स्वल्प बाहेर थांब,” रत्नाकर म्हणाला. गौरी दार लोटून गेली.

“गौरीने कबरीचं विचारलं,” प्रतिमाने सरळ विषयाला हात घातला. तिला घाई झाली होती.

“ते गौरीचं. माझं नाही.” त्याने डोळे मिटले, उघडले. “अक्का, मला आईची कबर नको. मला पुष्करशेजारी ठेव, भिंतीबाहेर.”

प्रतिमाच्या ओठांवर आलेला ‘नाही’ तिथेच अडकला. इतकी वर्षं जे दार त्याच्या तोंडावर आपटायचं म्हणून ती धरून बसली होती, त्या दाराकडे हा बाबा फिरकतच नव्हता.

“गौरी ऐकणार नाही,” तो दम घेत घेत सांगत होता. “पंच तर मुळीच ऐकणार नाहीत. तू म्हणालीस तर होईल. तुझं कोणी मोडणार नाही. अक्का, ऐक. फार जुन्या काळी मोठं पाप केलेल्याला चर्चच्या दाराबाहेर उभं करत. गोणपाट नेसवत. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पाया पडून तो म्हणायचा, माझ्यासाठी प्रार्थना करा. वर्षानुवर्षं. मग एक दिवस त्याला आत घेत. मी हे लोकांना किती वेळा शिकवलं! माझ्यासाठी आहे हे कळलंच नाही. मला बाहेर ठेव.”

“का रे? नियम नियम आहे ना? तू तर नियमाने वागलास.”

खिडकीबाहेर रिक्षा फुरफुरत उभी होती ती गेली.

“आदल्या दिवशी तो आला होता,” तो म्हणाला. “जीव देतो म्हणाला. ते मी सगळ्यांना सांगितलं. मी काय म्हणालो ते नाही सांगितलं.”

“काय म्हणालास?”

“मी रविवारच्या धड्याची तयारी करत होतो. मला वाटलं पिऊन आलाय. मी वर बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, धमक्या कोणाला देतोस? जा, दे जा.”

पुष्कर त्या दारातून बाहेर पडला असेल. इथेच, याच खोलीच्या दारातून. चप्पल घातली असेल, फाटक लावलं असेल. तो नेहमी फाटक लावायचा. आणि आत हा पेन्सिलीने खुणा करत बसला असेल.

“खरं बोलणारा माणूस!” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “मी खोटं बोलणार नाही म्हणालास सगळ्यांपुढे छाती काढून. अर्धंच बोललास रे. जे बोलल्याने तो बाहेर गेला तेवढंच बोललास. जे बोलल्याने तू गेला असतास ते गिळलंस!”

“हो.”

“हो काय, हो?”

“म्हणून म्हणतो, बाहेर ठेव.” त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, ते पुसायचं बळ त्याच्यात नव्हतं. “त्याच्या पायाशी ठेव. एवढीच शिक्षा मागतो.”

आणि इथे प्रतिमा जी पेटली, ती जन्मात तशी पेटली नव्हती. याला आता पुष्करही हवा! जिथं एकटी ती गेली, एकटीने तण उपटले, लोकांच्या नजरा झेलल्या, जी जागा तिने दगड लावून राखली, तिथं हा जाऊन पश्चात्तापी संत होऊन झोपणार. लोक म्हणणार, काय मोठं मन, पापी भावाशेजारी स्वतःहून जाऊन निजला. मेल्यावरही वाहवा याचीच.

“शिक्षा मागतोस?” ती उठली आणि खाटेवर वाकली. “पाप कोणतं ते तू ठरवलंस, त्याची शिक्षा तू ठरवलीस, आता तुझी शिक्षाही तूच निवडणार? सगळ्या खुर्च्यांवर तूच बसायचं का रे? नाही. तू भिंतीबाहेर येणार नाहीस. तू आत जाशील. गीतं होतील, फुलं पडतील, पाळक चार चांगले शब्द बोलतील. आईची कबर देते मी तुला. जा तिच्याकडे. ती विचारेल, पुष्कर कुठाय? मग सांग तिला. मला सांगितलंस तसं पुरतं सांग, अर्धं नको.”

“अक्का, नको.” त्याने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. “आईकडे नको. तिला तोंड कसं दाखवू? दुसरीकडे कुठेही टाक. तुझ्या पाया पडतो.”

“नियम नियम आहे,” प्रतिमा म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

बाहेर येऊन तिने गौरीला सांगितलं की आईच्या कबरीला आपला होकार आहे. गौरी तिच्या गळ्यात पडून हमसून रडली. पुढच्या रविवारी प्रतिमाने पंचांपुढे उभं राहूनही तेच सांगितलं, मोठ्याने, मागच्या बाकाला ऐकू जाईल असं. नवे पाळक मल्हार साळवे तरुण होते, जुनं सगळं त्यांनी ऐकून माहीत करून घेतलं होतं. ते भारावून गेले. “क्षमा म्हणजे काय ते आज तुमच्याकडून शिकावं,” असं तिचा हात हातात घेऊन म्हणाले. बायका डोळे पुसत होत्या. प्रतिमा गोड हसली. इतकं गोड की गूळही फिका पडावा. घरी येऊन तिने पोटभर जेवण केलं आणि शांत झोपली.

रत्नाकर त्यानंतर फार टिकला नाही. शेवटी शेवटी तो बडबडायचा, आई नको, आई नको, असं गौरीने फोनवर सांगितलं. तिला वाटत होतं तो वेदनेने म्हणतोय.

मातीच्या दिवशी सकाळी प्रतिमा लवकर कबरस्तानात गेली. कबर उघडताना रक्ताचं माणूस हजर लागतं आणि आता तिच्याशिवाय कोण होतं? रत्नाकरची मुलगी स्मिता अमेरिकेहून विमानात बसली होती, ती दुपारी थेट येणार होती. मुनियप्पाने क्रुसाचा दगड बाजूला केला आणि खणायला लागला. तोही म्हातारा झाला होता. मध्ये मध्ये फावड्यावर रेलून उभा राहायचा. ऊन अजून कोवळं होतं. भिंतीपलीकडून शेळ्यांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू येत होती.

जुनी पेटी कुजून गेली होती. लाकडाच्या चार ढलप्या निघाल्या, मग आई निघाली. मुनियप्पाने एक एक हाड हाताने पुसून वर दिलं आणि प्रतिमाने मांडीवर पसरलेल्या पांढऱ्या कापडात ठेवलं. आई केवढीशी झाली होती! कापडाच्या चार टोकांची गाठ मारली तर नवजात पोराएवढं गाठोडं झालं. प्रतिमा ते छातीशी धरून दगडावर बसून राहिली. मुनियप्पा खाली उतरून खड्डा साफ करू लागला.

“आई,” ती पुटपुटली. “रत्ना येतोय. त्याला विचार.”

हे म्हटलं आणि तिला आई आठवली. कबरीतली नव्हे, जिवंत आई, चुलीपुढे बसलेली. लहानपणी रत्नाकरने पुष्करला बदडलं की प्रतिमा पुष्करला घेऊन तक्रार करायला धावायची. आई पुष्करचे डोळे पुसायची, त्याला मांडीवर घ्यायची. मग रत्नाकरकडे बघायची. तो कोपऱ्यात मान खाली घालून उभा असायचा. ती त्याला काय म्हणायची? काही म्हणायची नाही. “ये, जेवून घे,” एवढंच. प्रतिमा चिडून म्हणायची, “आई, त्याला मार ना!” तर आई म्हणायची, “तो आधीच मेलाय बघ भीतीनं. आणि काय मारू?”

ही काय विचारणार त्याला! ही कधी कोणाला विचारायची? तो येईल, कोपऱ्यात उभा राहील, आणि ही म्हणेल, आलास का रे, दमला असशील, नीज. आपण त्याला फासावर पाठवतोय असं समजून बसलो आणि पाठवतोय कुठे, तर आईच्या मांडीवर. पुष्कर बाहेर शेळ्यांच्या पायाखाली आणि हा इथं मांडीवर! इतकी वर्षं धार लावलेला राग असा बोथट निघावा! आईचाही तिला राग आला. मेलेल्या आईचा, हाडांचा!

ती उठली. गाठोडं पदराखाली घेतलं आणि मागच्या फाटकाकडे चालू लागली.

“अम्मा, एल्ली?” मुनियप्पाने खड्ड्यातूनच विचारलं. कुठं निघालीस?

“मगन हत्तिर,” ती म्हणाली. तिच्या मुलाजवळ.

मुनियप्पा तिच्याकडे बघत राहिला. पुष्करचा खड्डाही त्यानेच खणला होता. मग तो वर आला, फावडं खांद्यावर टाकलं आणि तिच्या मागून निघाला.

प्रतिमाने जी जागा स्वतःसाठी राखली होती, तिथला दगड तिनेच हलवला. मुनियप्पाने खोल खणलं, पुष्करच्या उशाशी येईल असं. प्रतिमा खड्ड्याशी ओणवी झाली आणि गाठोडं आत ठेवलं. पुष्करला माती दिली तेव्हा जी प्रार्थना कोणी म्हटली नव्हती ती तिने आज म्हटली, त्याच्यासाठी आणि आईसाठी, अडखळत, जशी आठवेल तशी. माती लोटताना ती आईला म्हणाली, “आता सांभाळ याला. तो तिकडे एकटा राहू दे.” शेवटची ओंजळ टाकली आणि तिला वाटलं, आपण जिंकलो. अगदी स्पष्ट वाटलं. भिंतीच्या आत रत्नाकरसाठी नुसता खड्डा होता. मुनियप्पाने परत जाऊन त्याच्या तळाशी हातभर माती लोटली. आता खाली काही आहे की नाही हे कोणालाही कळणार नव्हतं.

दुपारी सगळी मंडळी आली. काळे कोट, पांढऱ्या साड्या, फुलांचे क्रूस. रत्नाकरच्या कारखान्यातले जुने कानडी मित्रही आले. गीतं चांगली झाली. साळवे पाळकांनी रत्नाकरच्या निष्ठेबद्दल, न्यायबुद्धीबद्दल आणि सत्यप्रियतेबद्दल सांगितलं. पेटी दोरांवर हळूहळू उतरली तेव्हा ते म्हणाले, “आणि ज्या आईने जन्म दिला तिच्याच कुशीत आपला हा भाऊ आज विसावतो आहे.”

“आमेन,” लोक म्हणाले.

प्रतिमाही म्हणाली. पेटी तळाला टेकल्याचा आवाज आला. पोकळ आवाज, रिकाम्या डब्यासारखा. तिने मातीची मूठ टाकली आणि मनात म्हणाली, रत्ना, इथं कोणी नाहीय. तू आहेस आणि माती आहे. बस आता तिथं. तिला खूप आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, नाही असं नाही. पण तो नुसताच जिभेवर होता, घशाखाली उतरत नव्हता.

मंडळी पांगली. स्मिता पाळकांशी बोलत फाटकापाशी उभी होती. गौरी मात्र कबरीजवळून हलेना. ताज्या मातीवर हात ठेवून बसली होती. प्रतिमा निघायला वळली तेव्हा गौरीने तिच्या साडीचा काठ धरला.

“अक्का, तुमच्याशिवाय कोणाला विचारू?” ती म्हणाली. “शेवटी ते आई नको, आई नको म्हणत होते ना, ते दुखण्याने नव्हतं. शेवटच्या रात्री त्यांनी सगळं सांगितलं मला. पुष्कर भाऊजींना काय म्हणाले ते. आईंना तोंड कसं दाखवू म्हणून रडत होते. लहान पोर रडतं तसं. घाबरून गेले, अक्का. घाबरलेलेच गेले.” तिने वर बघितलं. डोळे सुजून बारीक झाले होते. “आईंनी त्यांना जवळ घेतलं असेल ना हो?”

एक वाक्य पुरलं असतं. ते प्रतिमाच्या जिभेच्या टोकावर होतं, खरंखुरं, शब्द न शब्द खरा, आई इथं नाहीच, मी तिला घेऊन गेले. त्या एका वाक्याने तिचा सूड पुरा झाला असता. कोणाला तरी कळल्याशिवाय तो सूड कसला? नाहीतर माहीत कोणाला, तर मुनियप्पा, ती आणि शेळ्या.

गौरी वाट बघत होती. कबरीवरचा तिचा हात मातीवरून हळूहळू फिरत होता, आजाऱ्याच्या पांघरुणावरून फिरवावा तसा.

“हो ग,” प्रतिमा म्हणाली. “घेतलं असेल. आईच ती.”

“रागावल्या नसतील?”

“ती कधी रागावायचीच नाही. ये, जेवून घे म्हणाली असेल.”

गौरीने तिच्या पायांना मिठी मारली आणि मोकळी होऊन रडली. प्रतिमा तशीच उभी राहिली. तिच्या नखांत अजून भिंतीबाहेरची माती होती. भिंतीपलीकडे आई होती आणि भिंतीच्या आत रत्नाकर एकटा होता, घाबरलेला, कोपऱ्यात मान खाली घालून. त्याला ये म्हणायला कोणी नव्हतं, आणि जी होती तिला प्रतिमानेच उचलून नेलं होतं. तिच्या घशातून असा आवाज निघाला की फाटकापाशी उभे असलेले पाळक वळून बघू लागले. ती रत्नाकरसाठी रडत होती. तिला ते थांबवता येईना.